कात्रीनं कापल्यासारखी पानं

ही गोष्ट आमच्या गावात अजून कोणालाही माहीत नाही. बायकोलाही मी ती सांगितली नाही, आणि ती माझ्याबरोबर पन्नास वर्षं राहून गेल्या वर्षी गेली. एकाच व्यक्तीला सांगितली आहे – तीही गेल्या महिन्यात – आणि ती व्यक्ती आता आमच्या गावात राहत नाही. का राहत नाही, तेच सांगायचं आहे.

मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. अक्षर वाकडं येतं, पण आठवण जागेवर आहे. म्हणून आता लिहायला बसलो. गोष्ट नारळाच्या झाडांची आहे. तुम्ही विचाराल, बुलढाणा जिल्ह्यात नारळ कुठून आले? लोक तेव्हाही हेच विचारायचे. जळगाव जामोदपासून सातपुड्याच्या अंगाला आमचं गाव. इथे कापूस, ज्वारी, कुठे संत्र्याची बाग. मी एका नातेवाइकाकडे कोकणात गेलो होतो, तिथून हौसेनं अकरा रोपं आणली. नांदुऱ्याच्या स्टेशनवर ती उतरवली तेव्हा हमालानं विचारलं होतं, “हे काय कांद्याचे मोठे भाऊ हायेत का?” विहिरीच्या पाटाकडेनं मी ती लावली. उन्हाळ्यात प्रत्येकाला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्यांचा आडोसा केला. अकराची अकरा जगली.

सहा वर्षांत ती माझ्या डोक्याच्या वर गेली. लोक शेत बघायला यायचे. मला गावात ‘नारळवाले दामूभाऊ’ म्हणू लागले. हे नाव मला फार आवडायचं – हेही आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या आवडण्याचा हात आहे.

आता सुभद्राबाईंबद्दल.

आमच्या गावाच्या खालच्या अंगानं नाला जातो. त्याच्या दोन्ही काठांनी तेव्हा शिंदीची झाडं होती – खजुराची रानटी बहीण म्हणा. काटे असे की हात घातला की रक्त. त्या शिंदीच्या पानांचे फडे, म्हणजे घर झाडायच्या केरसुण्या, सुभद्राबाई करायच्या. नवरा लवकर गेला होता, एक मुलगी होती, ती डोणगावला दिलेली. बाई एकटी. नाल्यातली शिंदी कापायची मुभा त्यांच्या घराला सासऱ्याच्या आधीपासून होती. त्याबदल्यात दिवाळीच्या आधी गावातल्या प्रत्येक घरी नवा फडा यायचा – लक्ष्मीपूजनाला लागतो तो – आणि प्रत्येक घर त्यांना वर्षाची ज्वारी द्यायचं. त्या ज्वारीवर त्यांचं पोट होतं. दुसरं काही नव्हतं.

मी त्यांना काम करताना पुष्कळदा पाहिलं आहे. कमरेला दोर, हातात लहान कोयता, पायाला जुनं गोणपाट गुंडाळलेलं. बाहेरची पानं कापायच्या, आतली ठेवायच्या, आणि मधला पोंगा – न उघडलेलं, भाल्यासारखं सरळ उभं असतं ते पान – त्याला कधी हात लावायच्या नाहीत. एकदा मी विचारलं होतं, हे कोवळं पान का सोडता? त्या म्हणाल्या, “तो गेला की झाड गेलं, भाऊ. बाकी सारे पानं वर्साचे, पोंगा झाडाचा.”

हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी पाऊस संपता संपता माझ्या नारळांची नवी पानं उघडू लागली, आणि ती कापलेली होती. कशी कापलेली – हे नीट सांगितलं पाहिजे. किडीनं खाल्लेलं पान कसं असतं, ते शेतकऱ्याला कळतं. कडा कुरतडलेल्या असतात, भोकं पडतात, जाळी होते. हे तसं नव्हतं. पानाच्या दोन्ही बाजूंच्या पात्या एकाच मापात तिरप्या तोडलेल्या. डावीकडे जशी तोड तशीच उजवीकडे. वर एक तिकोन, खाली एक तिकोन. टोकं गायब. एखाद्यानं पट्टी धरून कात्री चालवावी, तशी. मी शिडी लावून जवळून पाहिलं, बोटानं कड चाचपली. सरळ. किडा असं कापू शकतो का? तुम्हीही नाही म्हणाला असता – की मी उगाच तुम्हाला माझ्या बाजूला ओढतो आहे?

नारळाच्या पानाच्या शिरांचा खराटा होतो. अंगण झाडायला शिंदीच्या फड्यापेक्षा तो टिकतो. आणि त्याच वर्षी आषाढात सुभद्राबाई माझ्याकडे आल्या होत्या. “भाऊ, गळालेल्या झावळ्या देसान का? खराटे बांधून पायतो.” मी नाही म्हटलं होतं. काही कारण नव्हतं. माझ्या झाडाची वाळकी झावळीही मला कोणाला द्यावीशी वाटत नव्हती.

कोयता असलेली बाई. खराट्याला पानं मागणारी बाई. कापलेली पानं. मला आणखी काय हवं होतं?

मी पारावर बोललो. गावचे सरपंच गणपतराव, आणखी वीस-पंचवीस जण. सुभद्राबाईंना बोलावलं. त्या आल्या, पाराखाली उभ्या राहिल्या. मी दोन कापलेली पानं आणली होती, ती सगळ्यांच्या हातातून फिरली. प्रत्येकानं कड चाचपली आणि मान हलवली.

सुभद्राबाईंनीही पान हातात घेतलं. एकदाच पाहिलं. म्हणाल्या, “भाऊ, हे कोयत्याचं नाई. हा किडा हाये. नाल्यातल्या शिंदीलेबी असेच कापे पडतात. चाला माह्यासंगं, दाखवतो.”

नाला पाच मिनिटांवर होता. पाच मिनिटं.

मी म्हणालो, “किडा? मंग त्यानं पट्टी कुठून आनली? अन् कात्री कोन्या शिंप्याकून?”

सगळे हसले. कोणीतरी मागून म्हणालं, “शाळेत गेला असन बे, भूमिती शिकाले.” पुन्हा हसणं. त्या हसण्यात निकाल लागून गेला. मला आजही तो क्षण अगदी स्वच्छ आठवतो – लोक हसतायत, माझ्या पाठीवर कोणाची तरी थाप, आणि मला बरं वाटतंय. माझा विनोद जमला होता. समोर त्या पान हातात धरून उभ्या होत्या, कोणाला द्यावं ते न कळून.

गणपतराव म्हणाले, “सुभद्राबाई, आता नाल्यात कोयता घेऊन नोको जाऊ.”

“मंग दिवाळीचे फडे?”

“बजारातून आनू,” कोणीतरी म्हणालं.

झालं. त्या दिवाळीला गावानं जळगाव जामोदच्या बाजारातून फडे आणले, आणि ज्वारी कोणी दिली नाही. फडा नाही तर ज्वारी कशाची?

तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध. अडाणीपणानं एका बाईवर आळ घेतला. तेवढंच असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं – तेवढी चूक माणसं करतात आणि नंतर निस्तरतात. थांबा. मी पुढे पुढे ढकलतो आहे, मला कळतंय.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आणखी एक पान उघडलं. कापलेलं.

मला राग आला. म्हटलं, बाई अजून येते. पण कशी येते, हे पकडायचं ठरवलं. चुलीतली राख चाळून घेतली आणि तीन झाडांच्या बुडाशी पातळ पसरली. पाऊल पडलं तर दिसेल. शकुंतला – माझी बायको – बांधावरून बघत होती. “राख कायले पसरवता? चोर काय सांगून त्याच्यावरच पाय देते का?” मी तिला गप्प केलं. रोज सकाळी जाऊन बघायचो. मुंगसाची पावलं होती. टिटवीची होती. माणसाचं एक नाही. आणि आठव्या दिवशी राख जशीच्या तशी असताना वर एक पान उघडत होतं – कापलेलं.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला कुतूहल वाटलं. हे कसं होतं? कोणी आलं नाही, आणि पान कापलं गेलं. मग मी पोंग्यालाच लाल दोरा बांधून ठेवला. दोरा तसाच होता. पान आतून हळूहळू मोकळं होत होतं आणि कापलेलंच बाहेर येत होतं. म्हणजे ते उघडायच्या आधीच कापलेलं होतं. घडीत असतानाच.

त्या दुपारी मी घरी येऊन एक जुनं वर्तमानपत्र घेतलं. पंख्यासारख्या बारीक घड्या घातल्या, आणि कडेला खिळा आरपार ठोकला. मग घडी उघडली. एकच भोक पाडलं होतं, पण कागदभर भोकांची रांग लागली होती, एका मापात, दोन्ही अंगांना सारखी. मी दुसरा कागद घेतला, खिळा तिरपा मारला. तिकोन आले. शकुंतला आत आली तेव्हा जमिनीवर दहा-बारा कागद पसरले होते. तिनं विचारलं, हे काय चाललंय? मी म्हणालो, काही नाही, पाखरांना भिववायला पताका करतोय. पहिलं खोटं हे. लहान होतं.

दुसऱ्या दिवशी शिडी लावून मी पोंग्याच्या बुडाशी नीट पाहिलं. तिथे बोट जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून उसाच्या चोथ्यासारखा ओला भुसा बाहेर आलेला. सायकलच्या चाकाची एक आरी काढली, तिच्या टोकाला आकडा केला आणि भोकात घातली. काहीतरी अडलं. ओढलं. बाहेर आला तो भुंगा माझ्या अंगठ्याएवढा होता – काळा, तेल लावल्यासारखा चकाकणारा, आणि डोक्यावर मागे वळलेलं एक शिंग. मी त्याला मुठीत धरलं तर तो सूं-सूं आवाज करू लागला. त्याचे पाय माझ्या तळव्याला काट्यासारखे टोचत होते.

मला लाज वाटायच्या आधी आनंद झाला. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. मला सुभद्राबाई आठवल्या नाहीत. मी त्या शिडीवर एकटाच हसत होतो. कसा आत शिरत असेल? दिवसा का दिसत नाही? शिंग कशाला? मी त्याला पत्र्याच्या डब्यात घातला, वर जाळी बांधली, आणि तीन दिवस कोणालाही न दाखवता बघत बसलो. पुढे कळलं की त्याला गेंड्या भुंगा म्हणतात आणि कोकणातल्या पोरालाही तो ठाऊक असतो. आमच्याकडे ज्या एकाच माणसाला ठाऊक होता, त्या माणसावर आम्ही हसलो होतो.

चौथ्या दिवशी मी नाल्यात गेलो. पाच मिनिटं लागली. शिंदीच्या शेंड्यांवर तेच तिकोन होते. त्या वर्षीचे, आधीच्या वर्षीचे, वाळून गेलेल्या जुन्या पानांवरचेसुद्धा. इतकी वर्षं मी त्या झाडांखालून गेलो होतो आणि वर पाहिलं नव्हतं.

आता प्रश्न होता, भुंगे येतात कुठून? त्याचा शोधही मी लावला, आणि फार लांब जावं लागलं नाही. नारळाला चांगलं खत मिळावं म्हणून मी शेणखताचा खड्डा झाडांपासून दहा पावलांवर काढला होता. दोन वर्षं तो उपसला नव्हता. जुनं खत भारी असतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. फावड्यानं वरचा थर काढला. खाली पांढऱ्या अळ्या होत्या. अंगठ्याएवढ्या जाड, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, तांबड्या डोक्याच्या. मी यांना आधी पाहिलं नव्हतं का? पूर्वी खत उपसताना दरवर्षी पाहिलं होतं. शेणात अळ्या असायच्याच, असं समजून सोडून दिलं होतं. भुंगे मीच पाळले होते. माझ्या खड्ड्यात जन्मायचे, माझ्या झाडांवर चढायचे, तिथून नाल्यातल्या शिंदीवरही जात असतील.

आता सांगतो. इथपर्यंत जे सांगितलं, ती चूक होती. इथून पुढचं मी जाणूनबुजून केलं.

बाजाराचा दिवस होता. पाराजवळून जाताना गणपतराव बसलेले दिसले. सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. “सरपंच, बाई खरं बोलत होती.” डबा माझ्या पिशवीत होता, भुंग्यासकट. मी दाखवायलाच घेतला होता – निदान घरून निघताना तरी तसंच वाटलं होतं. पाराजवळ आलो आणि मला माझाच विनोद ऐकू आला. पट्टी कुठून आनली, कात्री कोन्या शिंप्याकून. डबा उघडला असता तर आता कोणावर हसले असते? आणि खड्डा? नारळवाल्या दामूभाऊंच्या खताच्या खड्ड्यातच किडा निघाला, हे जिल्हाभर झालं असतं. गणपतरावांनी विचारलं, “काय म्हंता, दामूभाऊ?” मी म्हणालो, “काही नाई, बजारात जाऊन राह्यलो.” आणि पुढे गेलो. नाल्याशी जाऊन भुंगा दगडानं ठेचला.

मग मी इलाज केला. गाव बाजाराला गेलेलं असताना, दोन बाजारांच्या दुपारी, मी एकट्यानं तो खड्डा उपसला आणि खत रिकाम्या वावरात उन्हात पसरलं. बगळे आले, कावळे आले, साळुंक्या आल्या. कुठून एवढी पाखरं आली, मला माहीत नाही. त्यांनी अळ्या वेचून वेचून खाल्ल्या. मी बांधावर बसून बघत होतो. तेवढ्यापुरतं माझं ओझं तीच पाखरं नेत होती. पुढे आकड्यानं आणखी नऊ भुंगे काढले. पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळीची पेंड भरली. कोणी विचारलं तर म्हणायचो, खत देतोय.

झाडं सुधारली. माघात नवीन पानं उघडली ती अखंड, लांब, वाऱ्यावर सळसळणारी. आणि मग जे होणार होतं ते झालं. गणपतराव शेतावर आले, वर पाहिलं, म्हणाले, “पाय बरं दामूभाऊ. बाईचा कोयता बंद झाला अन् झाडं कशे तरारले.”

मी म्हणालो, “हाव.”

हाच तो अपराध. एक होकाराचा शब्द. त्याआधी तिच्याविरुद्ध माझा संशय होता आणि एक विनोद होता. त्या शब्दानंतर पुरावा झाला. माझा इलाज तिच्या गुन्ह्याचा पुरावा झाला, आणि मी तो होऊ दिला. ज्यांच्या मनात थोडी शंका असेल त्यांचीही मिटली. झाडं समोर उभी होती ना, सुधारलेली.

सुभद्राबाई त्या हिवाळ्यात दोनदा सरपंचांकडे गेल्या होत्या, नाला परत द्या म्हणून. मला नंतर कळलं. दोन्ही वेळा त्यांना माझी झाडं दाखवण्यात आली. चैत्रात त्या घराला कुलूप लावून मुलीकडे डोणगावला गेल्या. घर पुढे पडलं. नाल्यातल्या शिंदी राखणारं कोणी उरलं नाही. कोणी सरपणाला तोडल्या, कोणी बांध सरकवताना उपटल्या. आता तिथे एकही नाही.

आणि त्यांचं नाव गावात राहिलं, तेही कसं? कोणाच्या वावरातून काही गेलं – बोरं, हरभऱ्याचे टहाळे, पाइपाचा तुकडा – तर आजही म्हणतात, “सुभद्रा येऊन गेली वाटते.” ज्यांनी त्यांना पाहिलंही नाही ती माणसं म्हणतात. मी स्वतः ऐकलंय. काही वेळा मी हसलोही आहे.

चाळीस वर्षं अशी गेली. त्या काळात मी नारळाचा जाणकार म्हणून ओळखला गेलो. किडीबद्दल विचारायला लोक यायचे, मी सांगायचो – खड्डा झाडापासून दूर ठेवा, वर्षाला उपसा, पोंग्याकडे लक्ष द्या. बरोबरच सांगायचो. कुठे शिकलो, ते कोणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात विचारलं. नांदुऱ्याजवळ वासुदेव म्हणून एक आहेत, एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी खजुराची बाग लावली. त्यांचा निरोप आला: शेजाऱ्यानं बांधाच्या भांडणावरून माझी पानं कापली, उद्या पोलीस ठाण्यात जातोय, आबा, तुम्ही जाणते आहात, येऊन बघा आणि साक्ष द्या. मी गेलो. रोपं कमरेएवढी, पानं उघडलेली, दोन्ही बाजूंना सारखे तिकोन. शेजारी आपल्या बांधावर उभा होता, तोंड काळंठिक्कर पडलेलं. मी तार मागितली, आकडा केला, तिसऱ्या रोपातून भुंगा काढला आणि वासुदेवांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी हात झटकला. मग खाली वाकून पाहिलं. मग शेजाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ये बापा, चहा घ्याले ये.” इतकं सोपं होतं ते. मी बघतच राहिलो. आदल्या दिवशीपर्यंत शिव्या देणारा माणूस, आणि एका वाक्यात संपवलं त्यानं.

चहा पिताना वासुदेवांनी विचारलं, “पन आबा, तुमाले पाह्यताबरोबर कसं कळलं?”

मी म्हणालो, “वाचलं होतं कुठंतरी.”

चाळीस वर्षांनी, कोणीही हसणार नव्हतं, गणपतराव जाऊन जमाना झाला होता, तरी माझ्या तोंडून खोटंच आलं. ते इतक्या सहज आलं की मला माझंच आश्चर्य वाटलं. हे आत कुठे बसलेलं असतं? घरी आलो, दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी एस.टी. धरली – खामगाव, मेहकर, डोणगाव.

घर शोधायला वेळ लागला नाही. त्या अंगणात बसून हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. केस पांढरे, पाठ वाकलेली, हातांवर शिंदीच्या काट्यांचे जुने वण तसेच. मला वाटलं ओळखणार नाहीत. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, “नारळवाले दामूभाऊ ना?”

मी उभ्यानंच सांगितलं. राख, दोरा, भुंगा, खड्डा, गणपतराव, हाव. सगळं. त्या भाजी खुडत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “केवा कळलं तुमाले?”

“त्याच वर्षी. मार्गशीर्षात.”

तेव्हा त्यांचे हात थांबले. “मी तं चैतापर्यंत गावातच होतो,” त्या म्हणाल्या.

मी हिशेबच केला नव्हता. मार्गशीर्ष ते चैत्र. इतकी वर्षं मला वाटत होतं, कळलं तोवर उशीर झाला होता. उशीर झालाच नव्हता. त्या चार महिने त्याच गल्लीत होत्या. त्यांच्या दारावरून मी शेतावर जायचो.

मग त्या म्हणाल्या, “मले कायले सांगून राह्यले, भाऊ? मले तं पयल्या दिवसापासून मालूम होतं. ज्याइले मालूम नाई, त्याइले सांगा.” त्या रागावल्या नव्हत्या. पण त्यांनी बस म्हटलं नाही. मुलीनं चहा आणून दिला, तो मी उभ्यानं प्यालो, कप पायरीवर ठेवला आणि निघालो.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. सुभद्राबाईंनी माझ्या झाडाचं एकही पान कापलं नाही. गळालेली झावळीसुद्धा नेली नाही. पानं भुंग्यांनी कापली. भुंगे माझ्या खताच्या खड्ड्यात वाढले. झाडं सुधारली ती मी खड्डा उपसला म्हणून. त्यांचा कोयता थांबला म्हणून नाही. हे मला त्याच वर्षी कळलं होतं, त्या गावात होत्या तेव्हाच. येत्या ग्रामसभेत हा कागद मी स्वतः वाचणार आहे. माझा आवाज पोचला नाही, तर ज्याला वाचता येतं त्यानं तो मोठ्यानं वाचावा म्हणून नंतर पंचायतीच्या फळ्यावर लावून ठेवणार आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे.